नागपूरची पंगत आणि परगावचा पाहुणा

परगावी निघालेल्या माणसाला आपल्या घरांतून दोन प्रश्न हमखास विचारण्यात येतात. उतरणार कोठे, हा पहिला. आणि जेवणाची व्यवस्था काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले की मंडळींचे समाधान होते. दुसऱ्याचे उत्तर मिळाले तरी होत नाही. कारण त्या प्रश्नाच्या पोटात तिसरा एक प्रश्न दडलेला असतो, तो म्हणजे ‘तेथे रांधतो कोण?’ हल्ली हा तिसरा प्रश्न सहसा कोणी उघड विचारीत नाही. परंतु न विचारलेले प्रश्न घरातून नाहीसे झालेले असतात असे मात्र नव्हे. म्हणूनच नागपुरास येणाऱ्या पाहुण्याने येथे काय खावे, कोठे खावे आणि कोणत्या वृत्तीने खावे, ह्याचा विचार आज वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही नागपूरकर असल्यामुळे यजमानाच्या नात्याने चार शब्द बोलण्याचा आम्हांस थोडाबहुत अधिकार आहे, असे आम्ही समजतो.

प्रथम जुन्या काळाकडे पाहू. प्रवास म्हटला की शिदोरी आलीच, आणि शिदोरी म्हटली की दशम्या आल्याच. ही दशमी केवळ चवीसाठी दुधात भिजवीत नसत. पाण्यात भिजविलेल्या कणकेच्या पोळीला सोवळ्याओवळ्याचे निर्बंध फार. दुधात भिजविलेली दशमी मात्र प्रवासात निर्धास्तपणे खाता येई. फळांनाही हीच सवलत असे. केळे किंवा संत्रे कोणाच्याही हातून घ्यावे, साल काढावी आणि खावे. उत्तर हिंदुस्थानात ह्याच जातीचा दुसरा एक भेद होता. पाण्यात शिजणारे वरण, भात, पोळी हे ‘कच्चे’ अन्न, आणि तुपात तळलेली पुरी, कचोरी, मिठाई हे ‘पक्के’ अन्न. कच्चे अन्न आपल्या किंवा आपल्याहून वरच्या समजल्या गेलेल्या जातीच्या हातचेच चालावयाचे. पक्के अन्न पुष्कळांच्या हातचे चाले. हलवायाच्या दुकानापुढे नाना जातींची माणसे एका वेळी उभी राहू शकत, ह्याचे एक कारण हे आहे. सारांश, परक्याच्या हातचे न खाता प्रवास कसा करावा ह्याचे एक संपूर्ण शास्त्रच आपल्या पूर्वजांनी रचून ठेविले होते.

ह्या शास्त्राला पहिला धक्का दिला तो आगगाडीने. डब्यात शेजारी कोण बसावे हे तिकीट ठरवू लागले, जात नव्हे. तरीही आपण हार मानली नाही. स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ निरनिराळे मिळू लागले, उपाहारगृहांच्या खोल्या वेगळ्या झाल्या. मनुष्य ताशी वीस-पंचवीस मैलांच्या वेगाने पुढे चालला होता आणि त्याचा तांब्या मात्र जागच्या जागीच होता. हे चित्र आज हास्यास्पद वाटते. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या पणजोबांनी ते जगून पाहिलेले आहे, आणि म्हणून हसताना जरा जपूनच हसावे हे बरे.

नागपुरात तर आगगाडीने सारा हिंदुस्थान आणून उतरविला. मुंबईकडून येणारा लोहमार्ग येथे १८६७ साली पोहोचला. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिच्या मार्गाने कलकत्त्याचा रस्ता मोकळा झाला. १९२९ साली काझीपेठ व बल्लारशहा ह्यांमधील दुवा पूर्ण होऊन दिल्ली-मद्रास हा मार्गही नागपुरावरून जाऊ लागला. चारी दिशांच्या गाड्या ज्या गावी थांबतात, त्या गावी चारी दिशांच्या चुली पेटणारच.

आणि चुली पेटल्या त्या काही केवळ गाड्यांमुळेच नव्हे. ह्या नगराचा पाया अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्तबुलंदशहा ह्याने घातला. त्याच शतकाच्या मध्यास भोसल्यांची सत्ता आली. त्यांच्याबरोबर मराठी शिलेदार, कारकून, शास्त्री-पंडित आले आणि महाल भागात त्यांचे वाडे उभे राहिले. दरबाराला वस्त्रे लागत, म्हणून विणकरांचे माग येथे भरभराटीस आले. १८६१ साली मध्यप्रांताची राजधानी येथे झाली, तेव्हा कचेऱ्यांतून बंगाली व मद्रासकडील नोकरदार दिसू लागले. नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस हे बंगाली गृहस्थ होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली आणि तिच्या मागोमाग पारशी व्यवस्थापक आले, छत्तीसगडाकडील मजूर आले. इतवारीत मारवाडी पेढ्या होत्याच. १९४७ नंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या बांधवांनी जरीपटका वसविला. एम्प्रेस मिल आज उरली नाही, राजधानीही १९५६ साली भोपाळला गेली. परंतु ज्यांनी ज्यांनी येथे चूल मांडली, त्यांनी ती मोडली नाही. २०११ च्या जनगणनेत ह्या शहराची वस्ती २४ लाखांवर भरली. एवढ्या लोकांचे एकच ताट कसे असावे?

तेव्हा परगावच्या पाहुण्याने ‘नागपुरी जेवण म्हणजे काय’ असे विचारू नये. ‘कोणाचे नागपुरी जेवण’ असे विचारावे. ह्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यास एक दिवस पुरे नाही, तरी एका दिवसापुरता मार्ग आम्ही दाखवितो.

सकाळी तर्री-पोहे. पुण्याकडील पाहुण्यास पोहे ओळखीचे वाटतील; पण त्यांवर काळ्या हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतलेला पाहिला की तो क्षणभर थबकेल. ही तर्री सोसत नसल्यास ती वेगळ्या वाटीत मागावी; त्यात कमीपणा नाही. रस्त्याच्या कडेला, हातगाडीपाशी उभ्यानेच हा नाश्ता करावयाचा असतो. वकील, हमाल, महाविद्यालयातील मुली आणि पहाटेची फेरी आटोपून आलेले पेन्शनर हे सर्व तेथे हातात बशी घेऊन शेजारी शेजारी उभे असतात, आणि कोणी कोणाला ‘आपण कोण?’ म्हणून विचारीत नाही. आजोबांच्या काळी ज्या गोष्टीसाठी सभा भरवाव्या लागत, ती गोष्ट येथे पोह्यांच्या गाडीवर बिनबोभाट घडते.

येथेच भाषेचाही पहिला धडा मिळतो. नागपूरकर ‘सांबार’ म्हणतो ती कोथिंबीर. त्यामुळे भाजीवालीने ‘सांबार घ्या’ म्हटले तर तुरीच्या डाळीचे पातेले शोधू नये. आणि ‘सांबारवडी’ मागविल्यावर इडलीसोबतची वाटी आली नाही म्हणून रागावू नये. कोथिंबिरीचे मसालेदार सारण पोळीत गुंडाळून तळलेली ही वडी कढीबरोबर खावी. शेंगदाण्याला येथे फल्ली म्हणतात, बटाट्याला आलू. ही भाषा बिघडलेली नाही; हिंदी मुलुखाच्या सीमेवर शेजाऱ्यांशी बोलता बोलता ती अशी झाली आहे. ज्या भाषेने शेजाऱ्याचा शब्द घेतला, तिने त्याची भाजीही घेतली असणार, हे उघडच आहे.

दुपारचे जेवण मराठी पद्धतीचे घ्यावे. येथील ब्राह्मण घरांतून चालत आलेला गोळाभात किंवा वडाभात आता भोजनगृहांतूनही मिळतो. डाळीच्या पिठाचे गोळे भातात वाफवून, अथवा मिश्र डाळींचे वडे तळून ते भातावर कुस्करून, वरून हिंग-मोहरी-मिरचीची तेलातील फोडणी सढळ हाताने घालतात. कोकणस्थ पाहुण्यास ती फोडणी पाहून धसका बसतो. नारळ दुर्मिळ, तूर आणि हरभरा विपुल, उन्हाळा कडक आणि जवस, तीळ, भुईमूग घरचे, अशा मुलखात डाळ आणि तेल ह्यांचेच राज्य चालावयाचे. पाटवडीचा रस्सा, गोळ्यांची कढी, वांग्याचे भरीत, गोवरीच्या आहारावर भाजलेले रोडगे ह्या सर्वांच्या मागे हेच कारण आहे. जेवण कोठलेही असो, त्याची चव त्या भूमीने ठरविलेली असते. पाहुण्याने आधी भूमी समजून घ्यावी, मग नाक मुरडावयाचे असल्यास मुरडावे.

आता ज्या नावासाठी सारा महाराष्ट्र नागपुराकडे बोट दाखवितो, त्या सावजी भोजनालयांकडे वळू. हे पाकशास्त्र मुख्यतः हलबा कोष्टी समाजाचे, म्हणजे ज्यांच्या मागांवर नागपुरी धोतरे व लुगडी विणली जात त्या विणकरांचे. गिरण्यांच्या आणि यंत्रमागांच्या कापडापुढे हातमाग मागे पडला. हाताला काम उरले नाही. तेव्हा ह्या समाजातील कित्येक कुटुंबांनी घरातील ओट्यावरच भोजनालय काढले, घरच्या स्त्रियांच्या हातची चव विकावयास ठेविली आणि संसार सावरला. मसाल्यात काळी मिरी, खसखस, सुके खोबरे, दगडफूल, धने. पूर्वी तेल जवसाचे. आणि रस्सा असा की डोळ्यांतून पाणी आल्यावाचून ताट रिकामे होत नाही. मटण हा येथील मुख्य पदार्थ असला तरी पाटोडी आणि डाळकांदा हे शाकाहारी पदार्थही तितक्याच निष्ठेने रांधतात.

आमच्या वाचकांच्या घरांतील कित्येक तरुण ह्या भोजनालयांत जातात हे आम्ही जाणतो, आणि ते घरी सांगत नाहीत हेही जाणतो. मांसाहार करावा की न करावा, हा वाद आम्ही येथे घालीत नाही; तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा, प्रकृतीचा आणि विचाराचा प्रश्न आहे. परंतु जो खातो त्याने चोरून खाऊ नये, आणि जो खात नाही त्याने खाणाऱ्यास पतित समजू नये, एवढे तरी एका छपराखाली राहणाऱ्या मंडळींना साधावयास हवे. एकत्र कुटुंबात सहलीच्या वेळी खरा कलह पदार्थावरून होत नसतो. तो एकमेकांच्या नजरेवरून होतो. आजीने आपला नेम पाळावा, नातवाने आपली आवड सांगावी, आणि दोघांनी एका टेबलाशी बसून आपापले ताट खावे. ह्यात धर्म बुडत नाही आणि प्रेमही बुडत नाही.

सायंकाळी इतवारीच्या किंवा सीताबर्डीच्या बाजूस जावे. राजस्थानी मिठाईचा व फरसाणाचा येथे मोठा व्याप आहे. बिकानेरच्या हल्दीराम घराण्यातील शिवकिसन अग्रवाल ह्यांनी १९७० च्या सुमारास नागपुरात जम बसविला आणि ते नाव पुढे देशोदेशी गेले. संत्र्याची बर्फी हा तर मिलाफाचा उत्तम नमुना आहे: बर्फीची कला हलवायाची, संत्रे विदर्भाच्या काळ्या मातीतले. नागपूर संत्र्यास २०१४ साली भौगोलिक निर्देशनाची मान्यता मिळाली. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहाराची फळे हिवाळा सरता सरता बाजारात येतात. ताज्या फळासाठी येणाऱ्याने हे दिवस धरावे. जरीपटक्यात सिंधी बांधवांचे दाल-पकवान खावे. ते खाताना मनात एवढे असू द्यावे की, घरदार मागे टाकून आलेल्या माणसांना बरोबर आणता आलेली जी थोडी दौलत होती, तिच्यात ही चव होती. शरद ऋतूत आलेल्या पाहुण्याने धंतोलीतील बंगाली दुर्गापूजेस जावे. रमजानच्या महिन्यात मोमिनपुऱ्यात रात्र दिवसासारखी जागी असते. तेथे मांसाहार न करणाऱ्यालाही खजूर, फळे आणि गोड पदार्थ मिळतात.

कॉफीचाही इतिहास सांगण्यासारखा आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करावयास काढली तेव्हा तेथील नोकरांवर बेकारीची पाळी आली. ए. के. गोपालन ह्यांच्या प्रेरणेने त्या नोकरांनी सहकारी संस्था स्थापिल्या आणि १९५७ सालापासून ‘इंडियन कॉफी हाऊस’ ह्या नावाने ती गृहे स्वतः चालविली. १९५८ अखेरपर्यंत नागपुरातही ती पोहोचली होती. वाढपीच जेथे मालक, तेथे गिऱ्हाइकानेही आवाज जरा खाली ठेवावा हे योग्यच नव्हे काय?

येथवर आम्ही पदार्थ सांगितले. आता वृत्तीविषयी. परक्या ठिकाणी जेवताना नाही म्हणण्याचा हक्क पाहुण्यास आहे, आणि तो आम्ही पूर्णपणे मान्य करतो. मांस नको, अंडे नको, कांदा-लसूण नको, एकादशी आहे, ही सर्व कारणे सभ्य आहेत. पण नकार पदार्थाला असावा, माणसाला नसावा. ‘आम्ही मांस खात नाही, आपल्याकडे डाळकांदा आहे काय?’ असे विचारणारा आपला नेम पाळतो आणि समोरच्याचा मानही राखतो. ‘आम्ही असल्या ठिकाणी खात नाही’ असे म्हणणारा नेम पाळीत नसतो, तो दुसऱ्याला त्याची पायरी दाखवीत असतो. भांडी वेगळी आहेत काय, तळणीचे तेल एकच आहे काय, हे विचारण्यात गैर काही नाही. ते आधी, शांतपणे आणि नाक न मुरडता विचारावे. उत्तर मनाजोगते नसेल तर आभार मानून उठावे. बांधीव पुड्यांतील जिन्नस घेताना हिरव्या चौकटीतील हिरवा ठिपका पाहिला म्हणजे विचारण्याचेही कारण उरत नाही.

ह्याच संदर्भात एका शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. अनेक उपाहारगृहांवर ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी असते. ‘शाकाहारी’ हा शब्द काय मिळते ते सांगतो. ‘शुद्ध’ हा शब्द त्याहून अधिक काही सांगतो. तो शेजारच्या दुकानाविषयी, आणि त्या दुकानात जेवणाऱ्याविषयी सांगतो. आपण ती पाटी सहज वाचून आत शिरतो. पण आपल्याच मुलाचा मित्र, घरी मासे खाणारा, त्या पाटीखाली उभा असेल तर तो ती कशी वाचीत असेल, ह्याचा विचार घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा करून पाहावा.

हा विचार सुचविण्यास आम्हांस इतिहासाचा आधार आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्या एका पेल्यावरून पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक ह्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रकरणातून जावे लागले. ती झाली वरच्यांची गोष्ट. खालच्या पायरीवर ढकललेल्यांची गोष्ट कोल्हापुरात घडली. अस्पृश्य मानलेल्या समाजातील गंगाराम कांबळे ह्यांना शाहू छत्रपतींनी चहाचे दुकान काढावयास साहाय्य केले. दुकान निघाले, पण स्पृश्य गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तेथे आपली गाडी थांबवून चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घेणे भाग पडले. ह्याच शाहू महाराजांनी १९२० साली नागपुरास येऊन अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद भूषविले होते. राजाला जे एकेका पेल्याने करावे लागले, ते पुढे राज्यघटनेने एका कलमाने केले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या घटनेच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले ह्यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्या कारणांवरून कोणाही नागरिकास अडवू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. विद्यापीठे, न्यायालये आणि कायदेमंडळे ह्यांचा विचार करणाऱ्या त्या थोर ग्रंथात चहाच्या दुकानाचाही विचार व्हावा, ह्यावरून त्या दुकानाच्या दारात किती अपमान साठला होता हे ध्यानात येईल.

ज्यांच्या अध्यक्षतेखाली घटनेचा मसुदा तयार झाला त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ह्याच नागपुरात लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी त्या सुमारास दीक्षाभूमीवर देशाच्या कानाकोपऱ्यांतून अफाट जनसमुदाय लोटतो. त्या दिवसांत दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जागोजागी संस्था आणि गृहस्थ मोठमोठी पातेली मांडून उभे असतात. पुरीभाजी, मसालेभात, पाणी, चहा, येईल त्याला वाढले जाते. दाम नाही, नाव-गाव नाही, जात तर नाहीच. ज्या समाजाला पाणवठ्यावर आणि पंगतीत दूर बसविले, त्या समाजाच्या सणाला हे शहर अन्नछत्र होते. विजयादशमीच्या सुमारास नागपुरास आलेल्या पाहुण्याने वाडे, तलाव आणि संग्रहालय पाहून परतू नये. ह्या रस्त्यावरून एकदा चालावे आणि कोणी पत्रावळ पुढे केली तर ती घ्यावी. ताजबागेत, १९२५ साली दिवंगत झालेल्या ताजुद्दीनबाबांच्या उरुसासही सर्व धर्मांचे लोक जमतात आणि तेथील लंगरात एकत्र जेवतात. नागपूर काय आहे ते समजण्यास ह्या दोन पंगती पुरेशा आहेत.

आता काही व्यावहारिक सूचना. वैशाखात नागपूरचा पारा ४५ अंशांवर चढतो. तेव्हा दुपारी तिखट रस्सा टाळावा, कैरीचे पन्हे, ताक व कांदा जवळ करावा आणि मुख्य जेवण सूर्य मावळल्यावर घ्यावे. सावजी जेवण प्रवासाच्या आदल्या रात्री घेऊ नये. तेथे ‘तिखट कमी करा’ असे सांगूनही उपयोग नसतो, कारण रस्सा आधीच सिद्ध असतो. पोळी वा भाकरी अधिक घ्यावी आणि रस्सा थोडा घ्यावा. लहान मुलांना आधी दहीभात द्यावा, मग चव दाखवावी. एका बैठकीला सर्व काही मागवून अर्धे टाकण्यापेक्षा दोन ताटे चौघांत वाटून घ्यावीत. अन्न टाकणे हा परगावी केलेला अपमान समजावा. वाढणाऱ्याला ‘ए पोऱ्या’ म्हणू नये. येथे ‘भाऊ’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्या एका शब्दाने वाढपाला हात सैल होतो असा आमचा अनुभव आहे.

शेवटी एक गोष्ट राहते, आणि ती सर्वांत कठीण आहे. बाहेर खाण्याच्या बाबतीत आपली घरे पन्नास-साठ वर्षांत पुष्कळ बदलली. दाक्षिणात्याचा डोसा, सिंध्याचे पकवान, मारवाड्याची कचोरी, कोष्ट्याचा डाळकांदा, ह्यांपैकी कशाचेही आता आपल्याला वावडे नाही. परंतु दुकानात खाल्लेल्या अन्नाचे आपण पैसे मोजलेले असतात. तेथे आपण गिऱ्हाईक असतो, पाहुणे नसतो. कायद्याने दुकानाचे दार सर्वांना उघडले. घराचे दार कायदा उघडीत नाही, आणि उघडू नये हेही खरे. ते घरच्यांनीच उघडावयाचे असते. सहलीवरून परतल्यावर तेथील पदार्थांची वाखाणणी करताना गृहिणींनी आणि गृहस्थांनी एवढे आठवून पाहावे: ज्यांच्या हातचे आपण चवीने खाऊन आलो, त्यांच्यापैकी कोणी ह्या वर्षात आपल्या स्वयंपाकघरात पाटावर किंवा टेबलाशी बसून आपल्या हातचे वरण-भात खाल्ले काय? मुलांच्या वर्गातील मित्र, शेजारचे बिऱ्हाड, कचेरीतील सहकारी, ज्या बाईंच्या हातून आपली भांडी घासली जातात त्या बाई, ह्यांपैकी कोणी?

उत्तर ‘नाही’ असेल तर त्यासाठी प्रायश्चित्त नको आणि ग्रामण्यही नको. येत्या रविवारी चार पाने अधिक मांडली म्हणजे झाले. गोळाभात करावा, त्याला नारळ लागत नाही, वेळ फार लागत नाही, आणि फोडणीचे तेल वाढताना कोणाला किती हवे एवढे मात्र प्रत्येकाला विचारावे लागते.